कशावरून

नारीन नदी गोठली की गावाचा आवाज बंद होतो,
प्रसूतिकक्षाचा बॉयलर तेवढा कण्हत राहतो रात्रभर.
त्याच्या शेजारी उभी राहून
मी सदतीस वर्षं कात्री उकळली.
पहिलटकरीण आली की एक छेद, तिरका, दोन बोटं लांब.
विचारायचं काय त्यात?
चहात मीठ टाकताना आपण कुणाला विचारतो?

बेगिमाय आली बिश्केकहून. सव्वीस वर्षांची,
केस मुलासारखे कापलेले.
तिसऱ्या दिवशी ट्रे लावता लावता म्हणाली,
"साइराकूल-एजे, हा छेद प्रत्येकीला का?"
लागतो, मी म्हटलं.
"कशावरून?"

एवढासा शब्द.
माझे हात बघ, म्हटलं,
हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिनं वाद घातला नाही.
दर गुरुवारी, चादरी वाळवायच्या खोलीत,
आम्ही पाच जणी, डॉक्टर अस्कारबेक,
परातभर बोरसोक आणि रशियनमध्ये छापलेले कागद.
पहिला अख्खा महिना आम्ही नुसता प्रश्न लिहायला शिकलो.
"कापलेलं चांगलं का?" हा प्रश्नच नाही म्हणे.
कुणाला? कशाच्या तुलनेत?
आणि चांगलं म्हणजे काय? रक्त कमी, टाके कमी,
की सहा महिन्यांनी घोड्यावर बसता येणं?
घोडा डॉक्टरांनी सुचवला.
हसलं कुणीच नाही.

चिठ्ठ्या टाकून बायका दोन गटांत वाटल्या होत्या
हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले.
मेंढ्या आहेत काय त्या?
बेगिमाय म्हणाली, "निवड आपल्या हाती असती, एजे,
तर आपण आपल्याला हवं तेच खरं केलं असतं."
मी बसले.
कारण मी तेच करत आले होते:
जुळलेले टाके माझ्या नावावर,
उसवलेले देवाच्या.

कागद म्हणत होता, जिथे गरजेपुरतंच कापलं
तिथे खोल जखमा कमी.
त्या परक्या बायका, मी म्हटलं.
आपल्या वेगळ्या. डोंगरातल्या.
"मग आपल्या मोजू."

जुनी रजिस्टरं काढली. धुळीनं शिंका आल्या सगळ्यांना.
जांभळ्या शाईतलं ते माझंच अक्षर,
वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं,
ओळीमागून ओळ माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.
तीनशे बारा नावांपर्यंत मी मोजलं,
पुढचं बेगिमायनं मोजलं.
मी खिडकीपाशी जाऊन पॉपलरची झाडं बघत राहिले.
पानं नव्हती त्यांना.

सगळ्यात कठीण काय, सांगू?
वाचणं नाही. टक्केवारीही नाही.
हातांना थांबायला शिकवणं.
गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून
नुसतं उभं राहायचं,
डोकं दिसतंय, दिसतंय, अजून दिसतंय,
आणि उजवा हात आपोआप ट्रेकडे निघालेला.
बेगिमाय बोलायची नाही,
फक्त माझ्या कोपराला कोपर लावायची.

फेब्रुवारीत एका रात्री बाळाचे ठोके बुडायला लागले,
साठ, पंचावन्न, वर येईनात.
तेव्हा मी कापलं.
पण आधी तिच्या कानाशी वाकून का ते सांगितलं,
आणि ती म्हणाली, कर.
सदतीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी परवानगी दिली होती,
कारण पहिल्यांदाच मी मागितली होती.
पहाटे वहीत कारण लिहिलं. एक ओळ.
कात्री अजून उकळते मी.
तिनंही आता उत्तर द्यायचं असतं, एवढंच.

बाजारात जिपारकूल कुरुत विकते.
तिचं पहिलं मूल माझ्या हातचं, आता सैन्यात आहे.
तिच्यामागे स्टूल असतं, त्यावर पिशव्या असतात,
ती मात्र दिवसभर उभी.
कष्टाळू बाई, असं मी लोकांना सांगायची.

काल तिच्याकडून पाव किलो घेतलं,
सुटे पैसे मोजत उगाच रेंगाळले.
विचारलं नाही अजून.
पण प्रश्न लिहून ठेवलाय, नीट, शिकवल्यासारखा:
कुणाला, कशाच्या तुलनेत,
आणि किती वर्षांनी.